पावडरच्या डब्यातली माती

कबड्डीत साखळी म्हणजे दोघींनी एकमेकींचा हात धरून उभं राहायचं. चढाईवाली आत आली की एकीने तिचा घोटा पकडायचा आणि दुसरीने हात न सोडता फिरून तिची वाट अडवायची. नियम एकच, आणि तो आमच्या सरांनी अंधेरीच्या मैदानावर शिव्या घालघालून शिकवलेला: जीव गेला तरी हात सोडायचा नाही. सहा वर्षं मी वर्सोव्याच्या एका कोळ्याच्या मुलीचा हात धरून उभी राहिले. ती डावा कोपरा, मी तिच्या शेजारची. खेळ तिचा, मी आपली शेपूट. हे मी तेव्हाही कबूल करत असे, आता तर करायलाच हवं.

खेळायला उतरण्यापूर्वी तळहातांना मैदानातली माती चोळायची आमची पद्धत होती. घाम आला तरी मग पकड सुटत नाही. मॉरिशसचा दौरा ठरला तेव्हा तिने पावडरच्या रिकाम्या डब्यात आमच्या मैदानाची माती भरून घेतली. "परक्या मातीवर माझा भरोसा नाय," म्हणाली. आम्हा सगळ्यांना ते फार आवडलं. एकीने तर डब्याला हळदकुंकू लावलं. आमच्या सात पिढ्यांत विमानात बसणाऱ्या आम्हीच पहिल्या, तेव्हा अक्कलही तेवढीच.

आमच्याबरोबर मॅनेजर म्हणून एका बँकेचे साहेब होते. बँकेला खेळाडूंच्या कोट्यातून एक मुलगी घ्यायची होती. एकच. ती जागा माझ्या जोडीदारणीची, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या घरी स्वतःची होडी होती, पण तिला मासळीच्या पाटीखाली मान घालायची नव्हती. "पंख्याखाली खुर्चीत बसून चहा पिणार मी," असं ती येईल त्याला सांगायची. आमच्याकडे वडील गिरणीच्या संपानंतर दोन वर्षं घरी बसून होते. गिरणी गेली तरी पहिल्या पाळीची आंघोळ ते चुकवत नसत. आंघोळ करायची, शर्ट घालायचा आणि खिडकीशी बसायचं. आई मला निघताना एवढंच म्हणाली, "सायबाच्या डोळ्यासमोर ऱ्हव गो."

तिथल्या विमानतळावर डबा पकडला गेला. त्या बेटावर जिकडेतिकडे ऊस, आणि बाहेरच्या मातीतून पिकाला रोग लागेल म्हणून माती आणायला बंदी. अधिकाऱ्याने डबा उघडला, वास घेतला आणि शांतपणे पिंपात टाकला. साहेबांना बसून कागद भरावे लागले. ते तिच्यावर सगळ्यांदेखत भडकले. "वाट लागली," ती मला म्हणाली. "आता हात घसरणार बघ."

"वेडी आहेस का? माती काय फक्त अंधेरीत असते?" मी म्हटलं.

पण सामने ज्या शाळेच्या मैदानावर होते तिथे माती नव्हतीच. वर हिरवळ आणि तिच्यातून डोकं काढलेले काळे दगड. तिने गवतावर हात घासून पाहिले, काही लागेना. मग माझा तळहात चाचपला. "कोरडा हाय तुझा. बरा हाय," म्हणाली आणि माझी बोटं धरून उभी राहिली.

समोरची चढाईवाली उसाच्या शेतात राबणारी होती, खांदे पुरुषासारखे. ती आत आली, आमच्या कोपऱ्यावर पाय टाकला आणि माझ्या जोडीदारणीने झेप घेऊन तिचा घोटा धरला. आता मी फिरायचं होतं. फिरले असते तर ते सगळं अंग माझ्यावर आलं असतं, आणि माझ्या मागे काळा दगड होता. मी भ्याले. मी हात सोडला.

ती बाई मध्यरेषेकडे वळली आणि घोट्याला लटकलेल्या हिच्या गुडघ्यावरच आडवी झाली. सुका बोंबील मोडावा तसा आवाज आला.

सगळे धावले. "काय झालं? साखळी कशी तुटली?" साहेबांनी विचारलं.

"घसरला हात," मी म्हटलं. "माती नव्हती ना."

ती गवतावर पडून माझ्याकडे बघत होती. तोंड राखेसारखं झालं होतं. मग साहेबांना म्हणाली, "माझीच चूक, साहेब. डबा नीट लपवायला पायजे होता."

हात मी मुद्दाम सोडला का, हे मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. भीतीने सोडला हे खरं. पण सोडल्यावर पहिली नजर साहेब कुठे उभे आहेत तिकडे गेली, हेही खरं. उरलेले सामने मी डाव्या कोपऱ्यात खेळले, आणि लाज वाटावी इतकी चांगली खेळले.

बँकेचं पत्र मला आलं. वडिलांनी चाळभर पेढे वाटले. तिच्या पायावर दोनदा ऑपरेशन झालं, तरी गुडघा पुन्हा वाकला नाही. मी एकदा हॉस्पिटलात गेले, सफरचंदं ठेवली आणि ती झोपली आहे असं बघून सुटल्यासारखी परत आले. पुढे चार वर्षं वर्सोव्याकडे फिरकले नाही. मासे अंधेरीतच घेत असे.

शेवटी बँकेतल्या मैत्रिणीने ताज्या पापलेटांसाठी मला तिथे ओढत नेलं. माझी जुनी जोडीदारीण बाजाराच्या तोंडाशीच पाटावर बसली होती, एक पाय सरळ पुढे. मला बघून तिच्या चेहऱ्यावरचं काहीच हललं नाही. "काय गो, काय देऊ?" तिने विचारलं. मीही पापलेट मागितलं, जशी काही मी रोजचं गिऱ्हाईक. तिने कापून दिलं, मी धरलं. माझा हात कोपरापर्यंत मासळीच्या पाण्याने निथळत होता.

मागच्या टोपलीतला बर्फ घ्यायला तिला उठायचं होतं. "हात दे," ती म्हणाली.

मी हात पुढे केला. तिने तो मनगटाशी धरला, सगळं वजन माझ्यावर टाकलं आणि हळूहळू उभी राहिली. तोल सावरल्यावरही तिने लगेच सोडलं नाही.

"ओला हाय," ती म्हणाली. "तरी सुटला नाय."

मग लुगड्याला हात पुसून ती बर्फाकडे वळली.