तालीम आहे, कोणी येणार नाही

हमीदभाई फोनवर कधी 'हॅलो' म्हणाले नाहीत. फोन उचलला की म्हणायचे, "बोला, खरा माणूस हाय." समोर त्यांची बायको असो, बँकेतली मुलगी असो, नाहीतर अमरावतीहून आम्ही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इतकी हसले, की फोन कशाला केला होता तेच विसरले. हे काय नवीन खूळ, असं विचारलं तर म्हणाले, "दिवसभर खोटे जबाब बनवतो ना मी. मंग घरच्याईले तरी कळू द्या, कोन बोलून राहिलं ते."

खोटे जबाब बनवणं हे त्यांचं खरंच काम होतं. आमच्या कंपनीची दोन ऑफिसं. अमरावतीत राजापेठेला आम्ही मोबाइलवरचे पडदे करायचो, म्हणजे लोकांना जे दिसतं ते. अकोल्याची मंडळी सर्व्हर करायची, म्हणजे आत जे चालतं ते. अकोल्याचं पुरं होईपर्यंत अमरावतीनं काय माशा मारायच्या? म्हणून हमीदभाई आधी दोन्हीकडच्या लोकांना एका टेबलाशी बसवायचे, काय विचारलं जाईल आणि उत्तर कसं येईल ते निळ्या शाईनं वहीत उतरवून घ्यायचे, आणि चार दिवसांत एक नकली सर्व्हर उभा करायचे. आमचं ॲप त्याला विचारायचं, तो ठरलेलं उत्तर द्यायचा, आणि दोन्ही ऑफिसांचं काम एकाच वेळी पुढं सरकायचं. त्याला सगळे 'नकली'च म्हणायचे.

ते मूळचे पातूरचे. पन्नाशी उलटलेली, चष्म्याच्या दांडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. उमेदीची वर्षं टेलिफोनच्या तारा दुरुस्त करण्यात गेली होती आणि कॉम्प्युटर ते उशिरा शिकले. दर मंगळवारी एसटीनं अमरावतीला यायचे. डब्यात भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा. तो ठेचा मला जबरदस्तीनं खायला लावायचे आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं की खूश व्हायचे.

"मनीषाताई, नाटकाची तालीम पायली का तुमी?" एकदा त्यांनी मला विचारलं. "राजा आला नसला, तर कोनीतरी वही घेऊन राजाचं बोलते. तालीम थांबत नाई. आपला नकली तसाच हाय. पन वहीवाल्यानं गादीवर नाई बसाचं."

आमची भांडणं व्हायची ती त्यांच्या नकलीच्या स्वभावावरून. लोक असला सर्व्हर करतात तो शहाण्या बाळासारखा, विचारलं की लगेच गोड उत्तर. यांचा नकली वाकडा. कधी मिनिटभर गप्प बसायचा, कधी 'माणूस उपलब्ध नाही' म्हणायचा, कधी अर्धंच वाक्य पाठवायचा. मी करवादायचे, "अहो, कशाला छळता?" तर म्हणायचे, "खरं जग कई सरळ जबाब देते का वो ताई? आता सवय नाई केली, तर पुढं रडत बसान." आणि त्याच्या प्रत्येक उत्तराखाली पडद्यावर एक लाल पट्टी यायची. ती त्यांनी स्वतः लिहिली होती. 'तालीम आहे. कोणी येणार नाही.'

तसं का लिहिलं, तर कामच तसं होतं. वऱ्हाडात ती वर्षं फार वाईट गेली. दोन हंगाम पावसानं दगा दिला, तिसऱ्यात कपाशीची बोंडं आतून किडली. सकाळी पेपर उघडायची धास्ती वाटायची. अशात एका संस्थेनं आम्हाला काम दिलं. गावोगावच्या आरोग्यसेविकांनी, म्हणजे आशाताईंनी, आपल्या गावात कोणी बोलेनासं झालं, जेवेनासं झालं, की फोनवरून निरोप टाकायचा. सर्व्हरनं जवळचा समुपदेशक शोधून त्याला तो निरोप पोचवायचा, आणि आशाताईला कळवायचं, 'निरोप मिळाला. उद्या माणूस येईल.'

उद्घाटनाची तारीख ठरली आणि अकोल्याचा सर्व्हर अर्धाच झाला होता. आमचे साहेब म्हणाले, नकलीवर दाखवू, कोणाला कळतंय? हमीदभाई तयार झाले, पण एका अटीवर. लाल पट्टी राहिली पाहिजे.

त्या दिवशी सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले. "पाहुण्यांसमोर 'कोणी येणार नाही' असं दाखवता? अक्कल आहे का?" म्हणाले. मी पट्टी काढली. एक ओळ होती ती. शिवाय नकलीचा वाकडेपणाही बंद केला, आता तो फक्त गोडच बोलणार होता. हमीदभाई अकोल्यात होते. त्यांना फोन करावा असं मनात आलं होतं, पण ते 'खरा माणूस हाय' म्हणतील आणि मग मला खोटं बोलता येणार नाही, म्हणून केला नाही. दोन तासांचाच तर प्रश्न आहे, उद्या परत लावू, असं मी स्वतःला सांगितलं.

कार्यक्रम झकास झाला. टाळ्या वाजल्या. आणि सभागृहात जमलेल्या चाळीस आशाताईंच्या फोनमध्ये तेच ॲप टाकून दिलं गेलं, जे मी सकाळी बदललं होतं. खरा सर्व्हर तयार होईपर्यंत वापरू नका, एवढं त्यांना सांगायचं होतं. पण ते कोणी सांगायचं, हे ठरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मावसबहिणीच्या लग्नाला शेंदूरजनाघाटला गेले. आठवडाभर जेवणावळी, मेंदी, संत्र्याच्या बागेत फोटो. पट्टी साफ विसरले.

मी परतले तो मंगळवार होता. मागच्या मंगळवारी अकोल्यातच अडकलेले हमीदभाई आले, डबा ठेवला आणि नेहमीप्रमाणे नकलीची नोंदवही उघडून बसले. नकलीला कोणी काय विचारलं, ते त्यात उमटत असे. एरवी तिथं आमचाच कचरा असायचा, 'अबक', 'टेस्ट टेस्ट'. त्या दिवशी ते वाचता वाचता थांबले. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग हळूच म्हणाले, "ताई, इकडं या. हे आपले लोकं नाईत."

अकरा निरोप होते. खऱ्या गावांची नावं, खरी माणसं. अकराही निरोपांना नकलीनं गोड शब्दांत कळवलं होतं, उद्या माणूस येईल. त्यातले तीन निरोप एकाच आशाताईचे होते. सुनंदाताई, गाव पातूरच्या पुढचं. पहिला निरोप आठ दिवसांपूर्वीचा, 'रेखा दोन दिवस झाले बोलत नाही, जेवत नाही. नवरा मागच्या वर्षी गेला. घरात सासू एकटी आहे.' दोन दिवसांनी दुसरा, 'कालचा माणूस आला नाही. रस्ता चुकला का?' त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरा, 'सासू शेगावहून रेखाच्या भावाला बोलावणार होती. मी थांबवलं. म्हटलं, उद्या माणूस येणार आहे.'

हमीदभाईंनी सगळे नंबर वहीत उतरवले, एकेका समुपदेशकाला फोन लावून बाकीची आठ घरं वाटून दिली आणि म्हणाले, "रेखाच्या घरी आपन जाऊ. चला." गाडी मी चालवली. अकोला मागं पडलं, पातूर आलं. मी सगळं सांगून टाकलं, साहेब, पट्टी, लग्न, सगळं. "रस्त्याकडं पाहा," एवढंच म्हणाले.

दुपारी तीनला पोचलो. दारात सात-आठ चपला होत्या. सुनंदाताई ओसरीवरून उठून आल्या. त्यांनी आमच्याकडे आणि गाडीकडे पाहिलं.

"तुमीच का ते उद्या येनारे?"

रेखाला जाऊन चार दिवस झाले होते. शेगावचा भाऊ आला होता, माती द्यायला.

"हो," हमीदभाई म्हणाले. "मीच तो. ताई, तुमच्या निरोपाले जबाब देनारा मानूस नोता. मशीन होती, तेबी खोटी. ते मी बनवली." मग ते आत गेले, त्या सासूसमोर खाली बसले आणि तेच पुन्हा सांगितलं. म्हातारीला काही कळलं नसावं. तिनं पाणी द्यायला सांगितलं. मी भिंतीला टेकून उभी होते. पट्टी मी काढली, हे तीन शब्द बोलायचे होते. नाही बोलले. आजवर मला माझी एवढी किळस कधी आली नाही.

चौकशी झाली तिथंही त्यांनी तेच सांगितलं, नकली माझा, जबाबदारी माझी. साहेबांनी मान डोलावली, मीही गप्प राहिले, आणि हमीदभाई नोकरी सोडून गेले. जाताना मी त्यांना जिन्यात गाठलं. "माझं नाव का नाही घेतलं?"

"तुमी पट्टी काढली, हे खरंच हाय," ते म्हणाले. "मले राग बी हाय, खोटं कायले बोलू. पन काढता येईन अशी पट्टी मी कावून लावली? ते इच्यारून राहिलो मी सोताले." मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नोका. पुढच्या खेपेले आठवजा."

अकोल्याला त्यांनी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. चाळीसही आशाताईंना स्वतः भेटून आपला नंबर दिला. तो गमतीचा 'खरा माणूस हाय' आता गमतीचा राहिला नव्हता. निरोप आला की दुकानाचं शटर ओढायचे, मानसोपचाराच्या डॉक्टरांना फोन करायचे आणि डॉक्टर किंवा नातेवाईक पोचेपर्यंत त्या घरी जाऊन बसून राहायचे. काय बोलता हो तिथं, असं मी एकदा विचारलं होतं. "काई नाई. बसतो. चहा घेतो. कोनी आलं, हे त्याईले दिसलं पायजे." तीन वर्षं त्यांनी हे केलं, आणि एका सकाळी दुकान उघडतानाच छातीत कळ येऊन गेले.

महिन्यानं मी त्यांच्या बायकोला, भाभींना, भेटायला गेले. त्यांनी हमीदभाईंचा फोन माझ्यापुढं ठेवला. "बजता रहता है. मैं क्या बोलूँ उनको? आप रखो." नाही म्हणायचं तोंड मला नव्हतं.

आता माझ्या हाताखाली नऊ जण काम करतात. आमच्या नकलीची पट्टी काढता येत नाही, आणि लोकांच्या हातातला खरा फोन त्याच्याशी जोडलाच जात नाही. नवी मुलं कुरकुरतात, मी ओरडते, मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

हमीदभाईंचा तो फोन माझ्याकडं पहिल्यांदा वाजला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. उचलला, पण ते वाक्य काही तोंडातून निघेना. पलीकडून आवाज आला, "हमीदभाई? मी सुनंदा."

मी बाहेर व्हरांड्यात आले. ते गेल्याचं सांगितलं. मग मी मनीषा, त्या दिवशी त्यांच्याबरोबर आले होते ती, असं म्हणाले, आणि तीन वर्षं गिळलेलं बोलून टाकलं. "ताई, हमीदभाईंनी तुम्हाला खोटं उत्तर दिलं नव्हतं. त्याच्याखाली 'कोणी येणार नाही' असं त्यांनी लिहिलेलं होतं. ते मी काढलं होतं."

फोनमधून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"ते मंग बोलू," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "शाळेजवळच्या घरातला मानूस काल सकाळपासून उठला नाई. तुमी येता का, तेवढं सांगा. उद्या नोका म्हनू."

"आज येते," मी म्हणाले आणि गाडीची किल्ली घ्यायला आत गेले.