मावसोंची निळी पूड

पृथ्वीवर मापात वागणारा एकच माणूस उरला असेल, तर तो कारापुरात राहतो आणि माझ्या मावशीचा नवरा लागतो. आम्ही त्यांना मावसो म्हणतो. मी स्वतः विजेच्या बिलातलं युनिट न् युनिट ताडून पाहणारा माणूस. पण मावसोंपुढे मी उधळ्याच. पशुखाद्याच्या कारखान्यातली प्रयोगशाळा सांभाळून ते निवृत्त झाले, तरी चहातली साखर अजून काट्यावर तोलतात. पाव हलका वाटला तर तोही काट्यावर चढतो, आणि तोलून होईपर्यंत पाववाल्या पोदेराला उभं राहावं लागतं. हल्ली पोदेर लांबूनच भोंगा वाजवतो, पाव फाटकाला अडकवतो आणि पळतो. मावसो बाहेर येईपर्यंत रस्ता रिकामा.

मावशी गेल्यावर घरात मावसो आणि मावशीची काळी गाय एवढेच उरले. मुलगी म्हापशाहून फोनवर एकच सांगायची, "गाय विका, बाबा, नि इकडे या." मावसोंचंही उत्तर एकच, "ती आईची गाय. ती आहे तोवर मी हंयच, ह्याच घरात." आणि नेमकी ती गाय खंगू लागली. काळी कुळकुळीत कातडी तांबूस पडत चालली. आमच्या डिचोलीकडे झाडांची पानं, कौलं, दोरीवरचे कपडे, सगळं खाणीच्या धुळीनं लाल होतं. त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मावसो रोज बालदी आणि काथ्या घेऊन तिला घासत. शेजारचा शाणू कुंपणावरून ओरडायचा, "मावसो, गाय धुता की समई?" धूळ काही जाईना. मग एकदा गाईच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखी तांबूस वर्तुळं दिसली आणि मावसोंनी कपाळावर हात मारला. जन्मभर दुसऱ्यांच्या गुरांच्या खाद्यात तांबं मिसळलं, आणि घरच्या गाईला तेच तांबं कमी पडून ती तांबूस झाली, तर धूळ समजून धूत बसलो!

डॉक्टरांनी रक्त तपासलं. विहिरीच्या पाण्यात लोखंड फार, ते तांबं अंगी लागू देत नव्हतं. त्यांनी मात्रा ठरवून दिली आणि तांब्याची निळी पूड घरात आली. ती काय आहे हे मावसोंनी मला अख्खी दुपार समजावलं. "पोफळीवर चुन्यातून मारतो तो मोरचूद बघ. पोटात गेला की त्यातलं तांबं सुटं होतं. लोखंड, गंधक त्याला वाटेत गाठतात, नि ते शेणातून बाहेर. ह्या पुडीत अमिनो आम्लानं त्याला दोन्ही हातांनी धरलंय. शिरगावच्या जत्रेत पोर कडेवर घेऊन गर्दीतून काढतात ना, तसं." पूड तोलताना हातमोजे, नाकावर रुमाल, पंखा बंद. शाणूनं आपल्या पिकल्या केसांवरून हात फिरवत म्हटलं, "गाय काळी होता तर माका पण चिमूटभर द्या मरे!" मावसो कडाडले, "केस राहू देत, लिव्हर जाईल! जास्त तांबं तिथंच साठतं. मेंढी तर एवढंसं जास्त झालं तरी मरते."

गाय काळी होतेय का, हे बघायला दर रविवारी मला बोलावणं यायचं. "एकट्याचं निरीक्षण धरत नाहीत," मावसो म्हणायचे. आम्ही दोघं गाईला उन्हात उभं करून मुळाशी काळे केस शोधायचो. मग तोलून साखर घातलेला चहा, आणि मावशीच्या गोष्टी. गाय सावकाश काळी झाली, भरपूर खाऊ लागली. डॉक्टर म्हणाले, आता पूड बंद. मावसोंनी त्याच दिवशी डबा कुलपात ठेवला. नियम तो नियम. माझेही रविवार मोकळे झाले.

परवा त्यांचा फोन आला. "अरे, डोळ्यांभोवती परत तांबूस दिसतंय. येऊन बघ." मी गेलो. काटा पुसून ठेवलेला, शेजारी दोन कप. गाय उन्हात उभी, डोळ्यांभोवतीसुद्धा काजळासारखी काळी. मावसो माझ्याकडे पाहत होते, गाईकडे नाही. आयुष्यात मी आकडा कधी वाकवला नाही. पण चष्मा पुसला, नीट वाकून पाहिलं आणि म्हणालो, "हो, किंचित आहे. पूड मात्र नको. नुसतं लक्ष ठेवूया."

"तेच म्हणतो मी," मावसो म्हणाले आणि साखर तोलायला वळले. "रविवारी येशील ना?"