कीबोर्डवरची सुपारी

खंडेनवमीला आमच्या घरी अवजारांची पूजा होते. माझी नोकरी वालचंदनगरला, कारखान्याच्या मशिनशॉपमध्ये झाली. तिथे त्या दिवशी यंत्रे धुऊनपुसून, हळदीकुंकू वाहून बंद ठेवली जात. निवृत्तीनंतर आम्ही क्वार्टर सोडले आणि इंदापुरात दोन खोल्या बांधल्या. पाटावरची मांडणी मात्र तीच राहिली. माझा मायक्रोमीटर, नट आवळायचे दोन पाने, हातोडी, घरातली विळी. मुलगा घरून काम करू लागला, त्या वर्षी पत्नीने त्याचा लॅपटॉपही पाटावर आणून ठेवला.

तो उघडाच ठेवायचा, असा तिचा आग्रह असे. मिटलेल्या वस्तूची पूजा तिला पटत नसे. पूजेच्या आरंभी सुपारीचा गणपती मांडायचा असतो. तो ती कीबोर्डवर मधोमध मांडी.

"आई, तुझ्या गणपतीनं बटणं दाबली की गं. साहेबाला मेल गेला असंल," मुलगा म्हणे.

"जाऊ दे. त्यालाबी कळू दे, आज अवजाराला सुट्टी हाय."

दुसऱ्या दिवशी पाट आवरताना मुलगा स्वतः सुपारी उचलून देवघरात ठेवी आणि मग झाकण मिटी. दर वर्षी ती त्यानेच उचलली. हे काम कुणाचे, याची चर्चा घरात कधी झाली नाही.

तो उन्हाळ्यात गेला. महामार्गावर, मोटारसायकलवर होता. याहून अधिक लिहिण्याची माझी तयारी नाही. लॅपटॉप त्या दिवशी घरीच, चार्जिंगला लावलेला होता.

त्याचा पासवर्ड आम्हांला ठाऊक नाही. लॅपटॉप सुरू केला की स्क्रीनच्या मध्यावर एक गोल येई. त्या गोलात त्याचा चेहरा, खाली नाव आणि त्याखाली पासवर्डची रिकामी चौकट. त्यापलीकडे आम्ही कधी गेलो नाही. पत्नीला तेवढे पुरेसे होते. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ती लॅपटॉप उघडी, त्या गोलावरून बोटे फिरवी, "जेवलास का?" असे विचारी आणि झाकण मिटी. त्या जागी स्क्रीनवर बोटांचा तेलकट डाग धरला होता. स्वच्छतेच्या बाबतीत मी कडक माणूस आहे, पण तो डाग मी पुसला नाही.

त्याचा फोटो मोठा करून, फ्रेम घालून मी आणला होता. तिने तो भिंतीवर लावू दिला नाही.

"हार घातला की माणूस देवात जातं. मला माझं पोरगं देवात नको," ती म्हणाली. फोटो कपाटात राहिला.

वर्षभर घरात सण झाला नाही. वर्ष सरल्यानंतरच्या खंडेनवमीला तिने पुन्हा पाट मांडला आणि लॅपटॉप नेहमीच्या जागी उघडून ठेवला. दसऱ्याच्या दुपारी तिने पाट आवरला. कीबोर्डवर झेंडूच्या पाकळ्या पसरल्या होत्या. तिने वरवरच्या उचलल्या. सुपारी खाली राहिली. झाकण पुरते बसेना, म्हणून ट्रंकेचे दाबावे तसे तिने ते दोन्ही तळव्यांनी दाबले. आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू आला.

लॅपटॉप सुरू केला तेव्हा स्क्रीनच्या मधोमध काळा डाग होता आणि त्यातून चहूबाजूंना भेगा गेल्या होत्या. डाग नेमका चेहऱ्याच्या जागी पडला होता. नाव कडेने थोडे वाचता येत होते.

"माझ्या हातनं झालं," ती म्हणाली. सुपारी मुठीत धरून ती बराच वेळ पाटापाशी बसून राहिली. मी दुरुस्त करून आणतो म्हटले, तर "मी येणार," एवढेच बोलली.

इंदापुरात स्टँडजवळच्या दुकानदाराने लॅपटॉप हातातही घेतला नाही. "आमी मोबाईलचं करतो, काका. ह्याची स्क्रीन तुमाला बारामतीलाच मिळंल."

आम्ही बारामतीची एसटी धरली. टॉवेलमध्ये गुंडाळलेला लॅपटॉप तिच्या मांडीवर होता. शेजारच्या बाईने सांगितले, "ठेवा की वर. अवघडल्यागत बसलाय."

"असू दे. जड न्हाय," ती म्हणाली.

बारामतीचा दुरुस्तीवाला तिशीचा, बोलघेवडा माणूस होता. त्याने लॅपटॉप उघडला, तशी बिजागरीतून झेंडूची वाळकी पाकळी काउंटरवर पडली.

"कशानं फुटली?"

"सुपारीने," मी म्हणालो.

"आबा, अडकित्ता हरवला व्हय घरातला?" तो मोठ्याने हसला. बाकावर बसलेले एक गिऱ्हाईकही हसले. पत्नीने मान खाली घातली आणि टॉवेलची घडी घालू लागली. ती घातलेली घडी मोडून तिने पुन्हा घातली.

"पासवर्ड सांगा. बाकीचंबी चेक करून देतो."

"ठाऊक नाही."

"म्हंजे तुमचा न्हाय?"

"मुलाचा आहे."

"मग लावा की त्याला फोन. स्पीकरवर टाका, मीच इचारतो."

पत्नी म्हणाली, "त्याला फोन लागत न्हाय, बाळा."

"रेंज नसंल, मावशी. परत लावा."

"तो वारला," मी म्हणालो.

हा शब्द मी तोवर कुणापुढे उच्चारला नव्हता. तशी वेळच आली नव्हती. घरी आलेला प्रत्येक जण ते आधीच जाणून आला होता. त्या दुकानात, एका अनोळखी माणसाला, मी तो पहिल्यांदा सांगितला. माझा आवाज नेहमीसारखाच निघाला.

त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. बाकावरचे गिऱ्हाईक उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

"मावशी, मी उगंच बोलून गेलो."

"तुला काय म्हाईत," ती म्हणाली. "त्यातलं काय जाणार तर न्हाय ना? त्येचं तोंड दिसतं त्यात. तेवढंच हाय."

"काय जात न्हाय. निस्ती स्क्रीन बदलायची. आतलं सगळं जिथल्या तिथं ऱ्हातं."

जोडीची स्क्रीन पुण्याहून मागवावी लागणार होती. तोवर लॅपटॉप ठेवून जा, असे तो म्हणाला. ती तयार झाली नाही. त्याने लॅपटॉपच्या मागचा मॉडेल नंबर उतरवून घेतला, सगळे पुन्हा जोडून दिले आणि आम्ही लॅपटॉप घेऊन परत आलो. त्याचा फोन येईपर्यंत ती रोज संध्याकाळी झाकण उघडत राहिली. डागावर बोट टेकवी आणि लगेच उचली. ती काही विचारत नसे.

दुसऱ्या खेपेला त्याने आमच्यासमोर काम केले. त्याने चौकट सोडवली, तार अलगद काढली आणि जुनी स्क्रीन मागच्या ढिगावर ठेवली. ट्यूबच्या उजेडात तिच्यावरचा बोटांचा तेलकट डाग दिसत होता. मग नवी बसली. त्याने बटण दाबले.

गोल आला आणि त्यात चेहरा आला. जुनी स्क्रीन मंद पडली होती, हे तेव्हा कळले. शर्टाच्या कॉलरवरची बारीक रेघ मी प्रथमच पाहिली. दुरुस्तीवाल्याने फडक्याने काच पुसली आणि लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

"घ्या, मावशी. आला का न्हाय? हात लावून बघा."

तिने हात उचलला. बोटे काचेजवळ गेली आणि थांबली.

"नको," ती म्हणाली. "परत फुटायचा."

परतीच्या एसटीत लॅपटॉप तिने माझ्या मांडीवर दिला.

संध्याकाळी तिने देवापुढे दिवा लावला आणि लॅपटॉप उघडला. मी दारातून पाहत होतो. ती रोजच्यापेक्षा थोडी मागे बसली. चेहरा अगदी स्वच्छ दिसत होता. तिचा हात निम्म्या वाटेपर्यंत गेला आणि मागे आला. मग तिने दोन्ही हात जोडले, डोळे मिटले आणि कपाळ किंचित वाकवले. "जेवलास का" असे तिने विचारले नाही. उठली आणि स्वयंपाकाला लागली.

कपाटातला फोटो आता भिंतीवर लावायला तिची हरकत नसेल, असे मला वाटले. मी विचारले नाही.

झाकण उघडेच राहिले होते. ते मी मिटले. त्याआधी कीबोर्डवरून हात फिरवून पाहिला. काही नव्हते.