नातवाचं घोरणं

नातू दोन आठवड्यांचा झाला आणि घोरायला लागला. मालकांना जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. ते असेच घोरायचे. तीस वर्षं मी त्या आवाजाला नावं ठेवली आणि तो बंद पडल्यावर माझीच झोप उडाली. माळेगावच्या खंडोबाला रोज म्हणायची, देवा, ते कुठं आहेत, एवढी एक खूण दे. म्हणून बाळाचा आवाज ऐकला तशी मी देवापुढे साखर ठेवली आणि आजोबा परत आले असं चाकूरभर सांगून टाकलं. बाळाला मी 'अहो'च म्हणायची. अहो, उठा आता, म्हटलं की सून खुदुखुदु हसायची.

हळूहळू तिचं हसू आटलं. बाळ दूध पिताना मधेच सोडायचं, धापा टाकायचं, अंग काही धरत नव्हतं. ती म्हणायची, मोठ्या दवाखान्यात दाखवू. मी तिला गप्प बसवायची. यांच्या आजोबांनाही जेवताना असाच दम लागायचा, हे वर ऐकवायची. खरं सांगते, डॉक्टर औषध देतील आणि आवाज जाईल, हीच भीती माझ्या मनात होती. आज लिहिताना लाज वाटते.

तीन महिन्यांनी बाळाला घेऊन माळेगावला गेलो. दर्शनाच्या रांगेत भोकरकडची एक म्हातारी शेजारी बसली होती. जन्मभर लोकांची लेकरं न्हाऊ घातली, असं तिनं सांगितलं. बाळाचं दुपटं ओलं झालं, तेव्हा ते बदलायला तिनं पाय लांब केले आणि न्हाऊ घालताना टाकतात तसं त्याला पायांवर पालथं टाकलं. आवाज थांबला. तिनं उताणं केलं, आवाज सुरू. पुन्हा पालथं केलं, पुन्हा गप्प. मग माझं बोट धरून तिनं बाळाच्या गळ्याखालच्या खळगीवर ठेवलं. दर श्वासाला ती खळगी आत ओढली जात होती.

"हे घोरणं न्हाई, माय," ती म्हणाली. "लेकरू हवेसाठी झगडून राहिलंय."

मला असा संताप आला! तुम्ही काय डॉक्टर लागून गेलात का, म्हणत मी बाळ ओढून घेतलं. ती रागावली नाही. पालथं टाकलं की आवाज थांबतो, एवढं दवाखान्यात सांग, म्हणाली. रांग पुढे सरकली. बाळाला भूक लागली म्हणून सुनेनं जवळ घेतलं, तर दोन घोटांत त्याचे ओठ निळे पडले. खांद्यावर घेऊन थोपटल्यावर रंग परत आला. देव समोर हातभर अंतरावर होता. मी सुनेला म्हणाले, चल, नांदेडला. दर्शन न घेताच आम्ही रांगेतून बाहेर पडलो. ती म्हातारी मला पुन्हा दिसली नाही.

नांदेडच्या डॉक्टरांना मी तिचंच वाक्य सांगितलं, पालथं टाकलं की आवाज थांबतो. ते लिहिता लिहिता थांबले. नाकातून बारीक दुर्बीण घालून त्यांनी गळा पाहिला. श्वासनळीच्या तोंडावरचा भाग फार मऊ होता आणि हवा आत घेताना तोच कोसळून वाट अडवत होता. बहुतेक लेकरांचं हे वाढत्या वयात आपोआप बरं होतं, म्हणाले. पण आपलं बाळ वजन धरत नाही, निळं पडतं, तेव्हा थांबून चालणार नाही, जास्तीचा मऊ भाग दुर्बिणीतूनच छाटावा लागेल. तोवर पालथं झोपवून नजरेआड करू नका, असंही बजावलं.

ऑपरेशनच्या सहीचा कागद पुढे आला, तेव्हा माझ्या मुलानं, बाळाच्या बापानं, पेन खाली ठेवलं. भावकीचे फोन सुरूच होते, एवढ्याशा गळ्याला हत्यार लावू नका, अंगारा लावा. मी फोन बंद केला.

"कर सही," मी म्हणाले. "खूण मी मागितली होती, मीच परत करते."

ऑपरेशनच्या दाराबाहेर देवाला एवढंच म्हटलं की खूण घे, लेकरू ठेव. आणि मालकांना म्हटलं, तुम्ही आता खुशाल जा, माझ्यासाठी अडकू नका. त्यापुढे माझ्या हातात काही उरलं नव्हतं, आणि नवल म्हणजे मन शांत होतं.

घरी आलो त्या दुपारी बाळ पाळण्यात उताणं निजलं होतं. घर अगदी गप्प. मी नाकाशी बोट धरलं. श्वास सरळ येत होता, सरळ जात होता. मी पदरात तोंड घालून रडले. मालक माझ्यापुरते त्या दुपारी गेले. देवानं खूण दिली नाही असं मी म्हणणार नाही. ती रांगेत पाय लांब करून बसली होती, आणि मी तिच्यावरच खेकसले. देवाकडे मागावं, पण त्यानं काय द्यावं हे आपण ठरवू नये, एवढं मला कळलं.

बाळानं डोळे उघडले.

"अरे, उठलास का?" मी म्हणाले.

सून स्वयंपाकघरातून तशीच धावत आली. मी त्याला 'अरे' म्हटलेलं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.