काचेच्या ग्लासातला सडवा

वाइन मी पहिल्यांदा चाखली ती वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि ती चाखताना आलेला राग अजून पुरता गेलेला नाही.

मी साकोलीला शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. वडील रोज सकाळी आम्हा भावंडांना समोर बसवून पंचशील म्हणायला लावायचे, आणि पाचव्या शीलाशी आले, म्हणजे मद्य न घेण्याच्या शीलाशी, की त्यांचा आवाज चढायचा. वडिलांना जाऊन आता आठ वर्षं झाली. मुलं मोठी झाली. शाळेतल्या इंग्रजीच्या मॅडम एकदा म्हणाल्या, "कोंढ्याच्या पुढे वायनरी झाली आहे. रविवारी चाखायला देतात. चौघी जाऊन येऊ." मी लगेच हो म्हटलं. नवऱ्याने विचारलं, "तू? वाइन?" मी म्हटलं, "चव बघायची आहे, बाकी काही नाही." खरंच बाकी काही नव्हतं.

मार्चचा शेवट होता. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांच्या मधोमध पत्र्याची मोठी शेड, पुढे एक काचेची थंडगार खोली. मालक पस्तिशीचा, बाहेर शिकून आलेला, बोलायला अगदी गोड. त्याने आम्हाला ग्लास दांडीला धरायला शिकवलं. आधी उजेडात रंग बघा, मग ग्लास गोल फिरवा, मग नाक आत घाला, मग घोट तोंडात धरून ठेवा. आम्ही चौघी पहिलीतल्या पोरींसारख्या तो सांगेल तसं करत होतो. मला मजाही येत होती.

पहिली वाइन पांढरी, नाशिककडून आणलेल्या द्राक्षांची. तोंड आंबून गेलं. "काय वास येतो?" त्याने विचारलं. "मोकळेपणाने सांगा, इथे चुकीचं उत्तर नसतं."

मी पुन्हा वास घेतला आणि म्हटलं, "ओल्या तणसाचा."

तो हसला. "मॅडम, तणीस नाही हो! पीच. याला व्हाइट पीच म्हणतात."

धानाचं तणीस, म्हणजे मळणीनंतर उरलेला पेंढा, मी जन्मापासून हुंगत आले आहे. पीच मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही. वर्गात मुलांना सांगते, जे दिसेल तेच लिहा, पुस्तकातलं लिहू नका. आणि इथे चुकीचं उत्तर नसतं म्हणणाऱ्याने माझं उत्तर अर्ध्या मिनिटात चुकीचं ठरवलं होतं. मी दुसरा ग्लास पुढे ओढला. दुसरी जांभळाची होती. ती मला आवडली. तुरट, थोडी गोड, जीभ जांभळी करणारी.

मग त्याने तिसरी बाटली आणली. आणताना दोन्ही हातांनी धरली होती. "ही आमची खास," तो म्हणाला आणि सगळ्यांत लहान ग्लासांत फिकट पिवळं काहीतरी ओतलं.

नाक आत घालायची गरजच पडली नाही. ग्लास हातभर लांब होता तेव्हाच वास आला. मी न थांबता बोलून गेले, "हा तर सडवा आहे."

मोहाची फुलं मडक्यात पाण्यात घालून ठेवली की चारपाच दिवसांत ती आंबतात, वर फेस येतो. तो सडवा. तो चुलीवर चढवून त्याची वाफ धरली की मोहाची दारू होते. आमच्या भागात धाडीची बातमी आली की त्यात ठरलेलं वाक्य असतं, इतका सडवा जागेवरच नष्ट केला. या माणसाने काय केलं होतं? सडवा चुलीवर चढवला नव्हता. गाळला, थंड केला, बाटलीत भरला. मी नववीच्या वर्गाला किण्वन शिकवते, मला ते कोणी समजावून सांगायला नको होतं.

त्याने मान जोरात हलवली. "नाही, नाही. सडवा म्हणू नका, प्लीज. इथले लोक घाणेरड्या मडक्यात नवसागर टाकून करायचे, ते वेगळं. त्यांना या फुलाची किंमतच कळली नव्हती. आम्ही त्याला प्रतिष्ठा दिली."

मला त्या क्षणी तो ग्लास टेबलावर आपटायचा होता. मी काय केलं? "छान आहे," म्हणाले. छान आहे! आणि वर एक बाटली विकतही घेतली.

बाहेर शेडच्या सावलीत ताडपत्रीवर पाचसहा बाया मोहफुलं निवडत बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या एकीने वर बघून विचारलं, "कशी लागली, बाई?"

"तुम्ही नाही चाखली?"

"आमाले कोन देते?" ती म्हणाली आणि परत फुलं निवडू लागली.

गाडीत मैत्रिणी फोटो बघत होत्या. मी बाटली पायाशी धरून बसले होते. डोळ्यांसमोर माझी आत्या होती.

वडिलांची ही धाकटी बहीण सानगडीला राहते. तिचा नवरा लवकर गेला, दोन पोरी पदरात. ती रोवणीला जायची, कापणीला जायची, आणि उन्हाळ्यात मोहाची दारू गाळायची. स्वतः कधी पीत नव्हती. मी नववीत असताना सुट्टीत तिच्याकडे होते तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास पोलिसांची जीप आली. चार माणसं उतरली. घरामागची मडकी त्यांनी काठीने फोडली. सडवा सगळ्या अंगणात पसरला. कोंबड्या ती फुलं टिपू लागल्या आणि थोड्या वेळाने लडखडून पडू लागल्या. ते चौघे पोट धरून हसत होते. सगळं गाव कुंपणाशी उभं होतं. त्यांनी आत्याच्या हातात एक न फुटलेलं मडकं दिलं, तिला भिंतीशी उभं केलं आणि तिचा फोटो काढला. मग त्यांच्यातला मोठा माझ्याकडे वळला. "तू हिची कोण?"

मी म्हटलं, "शेजारची."

आत्याला जीपमध्ये घालून ठाण्यात नेलं. वडील तिला सोडवायला गेले नाहीत. "तिनं शील मोडलं," म्हणाले. वडिलांना मी वाईट म्हणत नाही. आमच्या लोकांनी दारू टाकली, ताठ उभे राहिले, पोरं शिकवली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण बहीण कोठडीत आणि भाऊ विहारात, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्याच रस्त्यावर परवान्याचं दारूचं दुकान होतं. त्या दुकानातली एक बाटलीही कोणी कधी फोडली नाही.

पुढच्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी बाटली घेऊन सानगडीला गेले. आत्या आता सत्तरीच्या पुढे आहे. ओसरीवर लाखोळीची डाळ पाखडत होती. मी तिला सगळं सांगितलं, तो मालक काय म्हणाला तेसुद्धा. मग जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. "आत्या, त्या दिवशी त्यानं मले विचारलं, तू हिची कोण. मी शेजारची म्हनलं."

तिने सूप खाली ठेवलं. "आयकलं होतं मी. तिथंच तं उभी होती."

"मंग तू कधी बोलली काहून नाही?"

"तूच कधी बोलते थे पाहून राहिली होती." तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. डोळ्यांत माया वगैरे नव्हती. "लय टाइम लावलास."

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ दे, लहान होतीस. ती म्हणाली नाही. बरंच झालं. मग तिने बाटली उचलली, लेबल लांब धरून पाहिलं आणि म्हणाली, "मले दाखव थो कारखाना."

पुढच्या रविवारी मी तिला गाडीत घालून घेऊन गेले. तिने धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं. मालकाने मला ओळखलं, आत्याला बघून तर त्याला फारच आनंद झाला. "या, या, आजी!" तिला खुर्ची दिली, तिच्यासमोर तो लहान ग्लास ठेवला. आजूबाजूला नागपूरहून आलेले सातआठ पाहुणे होते, ते उठून बघायला आले.

आत्याने दांडीबिंडी काही धरली नाही. ग्लास मुठीत घेतला, एकदा वास घेतला, जिभेच्या टोकाला लावला आणि खाली ठेवला.

"फुलं वल्ली भरली तुमी," ती म्हणाली. "वाळू नाही देल्ली. बुरशीचा वास येऊन राहिला."

मालक हसला, मग हसायचा थांबला. त्याच्या मागे उभा असलेला कामगार खाली बघू लागला, त्यावरून मला कळलं की आत्याचं बरोबर आहे. पण मालक हुशार. त्याने लगेच खिशातून मोबाइल काढला. "आजी, कमाल आहात तुम्ही! एक फोटो घेऊ? असा ग्लास हातात धरून. तुमचा चेहरा आपण लेबलवर टाकू. अस्सल झाडीपट्टी!"

तो तिच्या हातात ग्लास देऊ लागला आणि मला भिंतीशी उभी असलेली आत्या दिसली. मग माझं तोंड सुटलं.

"हिचा फोटो पोलीस ठाण्यात आहे. तिथून आणा," मी म्हटलं. "त्यात मडकंही आहे हातात. जे तुम्ही आज या लोकांना वास घ्यायला लावता, तेच होतं त्या मडक्यात. हिला त्यासाठी जीपमध्ये घातलं होतं. आणि तुम्ही म्हणता, इथल्या लोकांना किंमत कळली नव्हती! किंमत या बाईने मोजली आहे, साहेब. तुम्ही फक्त लेबल छापलं आहे."

आत्या म्हणाली, "बस झालं." पण माझं झालं नव्हतं. मी टेबलावरची बाटली उचलली, चार ग्लास बोटांत अडकवले आणि बाहेर ताडपत्रीशी गेले. बाया बघतच राहिल्या. मी ग्लास भरले आणि म्हटलं, "घ्या. तुमच्या हातची आहे."

मालक धावत आला. "मॅडम, स्टाफला परवानगी नाही! लायसन्सचा प्रश्न आहे!"

"पाहुण्यांना आहे ना? मग या माझ्या पाहुण्या."

तिघींनी हात पुढे केला नाही. त्यांना उद्या परत कामावर यायचं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बघून मला माझीच लाज वाटली. मी तावातावाने आले आणि तावातावाने जाणार होते, मागे त्यांनाच राहायचं होतं. पण मागच्या रविवारी मला 'कशी लागली' असं विचारणारी बाई उठली, तिने ग्लास घेतला आणि मालकाच्या डोळ्यांत बघत एका घोटात संपवला. तोंड पुसलं. "गोड कमी हाय," म्हणाली आणि खाली बसली.

आम्हाला जायला सांगण्यात आलं. नम्रपणे, पण फाटकापर्यंत माणूस सोबत देऊन.

चार दिवसांनी मालकाचा फोन आला. टेस्टिंगच्या वहीत मी नंबर लिहिला होता. मला वाटलं भांडायला केला असेल. तो आधी त्या दिवसाबद्दल माफी मागून मोकळा झाला आणि मग म्हणाला, "आजी येतील का? फुलं वाळवायचं कसं ते दाखवायला? आमचे दोन टँक खराब झाले आहेत."

मी फोन आपटणार होते. मग लक्षात आलं की त्याने मला विचारलेलंच नाही, आत्याला विचारलं आहे. मी सानगडीला जाऊन निरोप सांगितला आणि वर म्हटलं, "जायचं नाही. तुया घरादाराचे धिंडवडे निघाले याच्यापायी, अन् आता त्याले तू शिकवशीन?"

"त्यानं फोडले काय माये मडके?"

"नाही, पन..."

"मले हे येते," आत्या म्हणाली. "चोरून करत होती आतापरेंत. एकडाव उजेडात करून पायतो." मग म्हणाली, "पन त्या बायायले आंधी चाखाले देजो म्हना. न चाखता कशा निवडतीन त्या?"

मालक कबूल झाला. लायसन्सचं त्याने काय केलं मला माहीत नाही, मी विचारलं नाही. ती बाई कामावर आहे ना, एवढं मात्र विचारलं. होती.

मोहाचा हंगाम संपेपर्यंत आत्या आठवड्यातून दोन दिवस तिथे जात होती. ताडपत्री उचलायला लावून तिने शेणाने सारवलेलं खळं करून घेतलं. त्यावर फुलं पातळ पसरायची, दुपारी हाताने चोळून आतले केसर काढायचे, संध्याकाळी झाकायची. आत्या खुर्चीवर बसून बायांवर ओरडायची आणि बाया हसायच्या. रविवारी मी तिला पोचवायला जायचे. मी फाटकाच्या आत गेले नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बसून पेपर तपासायचे. मालक दोनदा बाहेर आला, म्हणाला, "मॅडम, आत बसा ना." मी नको म्हटलं.

आत्या म्हणते, तुया राग आता जुना झाला. असेल. तिचा फोटो ज्याने काढला तो आता पेन्शन घेत असेल, त्याला कोणी काही विचारणार नाही. मडकी फोडणाऱ्यांनी कधी माफी मागितली नाही. वडिलांनीही मागितली नाही, आणि मी कबूल केलं तेही इतक्या उशिरा. मग राग करायचा कोणावर, हे मला नीट कळत नाही. म्हणून सोडून द्यावा, असं मात्र वाटत नाही.

परवा शाळेत इंग्रजीच्या मॅडमनी विचारलं, "नवीन बॅच आली आहे म्हणे, येतेस का चाखायला?" मी म्हटलं, "तुम्ही जा. आणि वास तणसाचा आला तर तणीसच म्हणा."