रंगीत पडदा आणि मी सांगितलेला आकडा

हे मी घरातसुद्धा बोललेलो नाही. माझ्या कपाटातल्या सगळ्या वह्या बायकोला ठाऊक आहेत. ही गोष्ट त्यांतल्या एकाही वहीत नाही. आज तुम्हाला सांगतो आहे — आजच का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका शाळेत गणित शिकवतो. आकड्यांच्या बाबतीत मी काटेकोर आहे, आणि शाळेत हे सगळ्यांना माहीत होतं. हजेरीची टक्केवारी असो की प्रयोगशाळेतलं वजनमाप, मी सांगितलेला आकडा कोणी पुन्हा तपासत नसे.

विज्ञानाच्या रामटेके सरांनी एकदा तपासला.

वार्षिक निकालाची बैठक होती. नववीतल्या एका मुलीच्या बेरजेत माझ्याकडून दहा गुण सुटले होते आणि ती नापास दिसत होती. त्यांनी तक्ता माझ्यापुढे सरकवला आणि हसत म्हणाले, "सर, पोरगी नाई, तुमची बेरीज नापास झाली ना जी. हे दहा गुण कुठी ठेवले?"

सगळे हसले. मुख्याध्यापकही हसले. मुलगी पास झाली, चहा आला, लोक विसरले. मी विसरलो नाही. रामटेके सर वीटभट्टीवर राबणाऱ्या बौद्ध कुटुंबातले, घरातले पहिले पदवीधर. हीच चूक आमच्यापैकी कुणी दाखवली असती, तर मी ती दोन वर्षं मनात धरून बसलो असतो का? — उत्तर मला माहीत आहे.

गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. शाळेला एक कॉम्प्युटर मिळाला. त्याचा पडदा, म्हणजे मॉनिटर, मात्र आम्ही निवडायचा होता. नागपूरचा विक्रेता दोन घेऊन आला — एक बारा इंची, काळ्या काचेवर नारिंगी अक्षरांचा. दुसरा चौदा इंची, रंगीत. एक ठेवून एक परत न्यायचा.

रामटेके सर दिवाळीची अख्खी सुटी नागपूरला प्रशिक्षणात घालवून आले होते. कॉम्प्युटरचा वर्ग त्यांनाच मिळणार, हे जवळजवळ ठरलेलं. त्यांना रंगीत पडदा हवा होता. पोरं आधी खेळायला येतील, म्हणायचे, मग शिकायला बसतील. फुगे फोडायचा एक खेळ होता — लाल फोडला तर गुण, हिरवा फोडला तर वजा. एकरंगी पडद्यावर दोन्ही फुगे सारखेच दिसतात. मग खेळायचं काय?

मी दोन्ही पडदे टेपनं मोजले, ओळीतली अक्षरं मोजली. नारिंगी पडद्यावर ऐंशी अक्षरांची ओळ अगदी स्वच्छ दिसे. रंगीतवर ती जरा पसरट, पण वाचता येई. वेळापत्रकं, निकालपत्रकं एवढंच करायचं असतं तर नारिंगी बरा. मुलांना शिकवायचं असेल तर रंगीत. रामटेके सरांचं बरोबर होतं. हे मला तेव्हाच कळलं होतं — म्हणून तर राग आणखी वाढला.

आता खरी गोष्ट. धान घरी आलं की आमच्या गावात भाताच्या गिरण्या जोरात चालतात. सकाळी अकराच्या सुमाराला त्या सुरू झाल्या की शाळेतले दिवे मंदावतात, पंखे रेंगाळतात. किती व्होल्ट पडतात ते मी महिनाभर रोज वहीत उतरवलं होतं. दोन्ही पडदे शिक्षकांना दाखवायचं वेळापत्रक करायचं काम माझ्याकडे आलं. नारिंगीला मी दहाची वेळ दिली. रंगीतला साडेअकराची. पडदा नीट दिसावा म्हणून खोलीतले दिवे-पंखे बंद ठेवायलाही मीच सांगितलं.

दहा वाजता अक्षरं कोरल्यासारखी उमटली. साडेअकराला रामटेके सरांनी मोठ्या हौसेनं रंगीत पडदा लावला — चित्र चारी बाजूंनी आकसलं, मधून डुलायला लागलं, फुगे वितळल्यासारखे लांबले. मागून कोणीतरी म्हणालं, फुगे का पिऊन आले? खोली हसली. त्यांनी वायर काढून लावली, बटणं फिरवली. कपाळावर घाम. मग माझ्याकडे वळले. भिंतीवरचं व्होल्टमीटर माझ्या बाजूला, कपाटाच्या आड होतं. ते दिसत होतं फक्त मला.

"सर, काटा किती दाखवून राह्यला?"

काटा एकशे पासष्टवर होता. तेवढं सांगितलं असतं तर कोणीतरी स्टॅबिलायझर आणला असता, आणि पाच मिनिटांत चित्र सरळ झालं असतं.

"दोनशेवीस," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. माझ्या बाजूला येऊन पाहिलं नाही. माझा आकडा होता ना — का पाहतील?

नारिंगी पडदा राहिला. ज्यांना पडद्यातलं कळत नाही ते वर्ग काय घेणार, असा सूर निघाला, आणि वर्ग माझ्याकडे आला. त्या दिवशी मी घरी जाऊन दोनदा जेवण वाढून घेतलं. इतकं गोड जेवण मला क्वचितच लागलं असेल. मुलं महिनाभर आली, सारख्याच दिसणाऱ्या फुग्यांना कंटाळली आणि यायची थांबली. रामटेके सरांनी बदली मागून घेतली — कुरखेड्याकडच्या जंगलातली शाळा.

गेल्या वर्षी नागभीडच्या फलाटावर ते भेटले. केस पिकलेले, हातात पिशवी. मला पाहून स्वतःच पुढे आले. मला वाटलं, आता बोलतील. बोललेही.

"सर, त्या वक्ताले तुमचंच बराबर होतं. आमच्या शाळेलेई कॉम्प्युटर आला. रंगीत देऊन राह्यले होते, मीच नाई म्हटलं. व्होल्टेज पूर्ण असूनही ते चित्र हालते, मी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं म्हटलं."

सांगायला तेव्हा वेळ होता. गाडी आणखी दहा मिनिटं उभी होती.

"चांगलं केलं," मी म्हणालो. आणि हेही लपवत नाही — ते डब्यात चढेपर्यंत मला जिंकल्यासारखंच वाटत होतं.