रॉडवरचा दसऱ्याचा रंग

मलकापूरजवळच्या उतारावर झालेला तो अपघात निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेला नाही. श्रावणातली सकाळ होती. दुधाचे कॅन भरून कोल्हापूरकडे निघालेली जुनी पिकअप वळणावर सरळ गेली आणि समोरून येणाऱ्या दुचाकीवर आदळली. दुचाकीवरचे शिक्षक जागीच गेले.

पिकअपचा चालक पंचेचाळिशीचा होता. तो एकच वाक्य बोलत होता.

"साहेब, स्टिअरिंग फिरलंच न्हाई."

असे बहुतेक चालक म्हणतात. वैद्यकीय तपासणीत दारू निघाली नाही. गाडीचा मालक म्हणाला, "डोळा लागला आसंल त्याचा. गाडी ठणठणीत हाय." मला हे पटले. चालकावर गुन्हा नोंदवला आणि त्याचा परवाना जप्त केला. तो जामिनावर सुटला. शिक्षा झाली असती, तर तुरुंग होताच, शिवाय वीस वर्षांचे कामही गेले असते.

पंचनाम्यात स्टिअरिंगचा रॉड तुटलेला आढळला. आरटीओ निरीक्षकाने लिहिले, रॉड अपघाताआधी तुटला की अपघातात, हे सांगता येत नाही.

आठवड्याने ठाण्यात निनावी फोन आला, तो मीच घेतला. "ह्या मॉडेलच्या जुन्या गाड्या कंपनीनं रॉड बदलाय परत बोलावल्यात्या. कागद मागा की."

कागद मागितले, तर ते चोख निघाले. कंपनीच्या वर्कशॉपच्या व्यवस्थापकाने जॉबकार्ड पुढे केले. गुढीपाडव्यानंतर जुना रॉड काढून नवा बसवल्याची नोंद, शिक्का, खाली चालकाची सही. मी चालकाला बोलावले.

"सही तुझीच ना?"

"माझीच. गाडी धुऊन दिली आन् म्हनाले, हितं सही कर. दूध नासाय लागलंतं, साहेब."

"वाचलं नाहीस?"

"न्हाई."

माझा त्याच्यावरचा संशय वाढला. तरीही मुद्देमालाच्या खोलीत जाऊन तो रॉड पुन्हा पाहिला. चिखल खरवडला, तर खाली तांबडा ऑइलपेंट, त्याखाली पिवळा. तुटलेल्या तोंडाशी अर्ध्या भागावर गंज होता आणि त्या गंजातही तांबडा रंग झिरपला होता.

मालकाला रॉड न दाखवता विचारले, "गाडीला रंग कधी देता?"

"दर दसऱ्याला. पूजेआधी गाडीखाली झोपून मी सोता ब्रश मारतो. चासी, रॉड, समदं."

"कोणता?"

"गेल्या दसऱ्याला तांबडा. त्याच्या आदल्या साली पिवळा."

मी त्याला रॉड दाखवला. त्याने बोट गंजलेल्या चिरेपाशी नेले आणि मागे घेतले. "म्हंजी चीर तवाच हुती? मी तिच्यावरनंच ब्रश मारला?" त्यानंतर चालकाच्या डोळा लागण्याविषयी तो बोलला नाही.

व्यवस्थापकाला पुन्हा बोलावले.

"नवा रॉड बसवला?"

"मी उभा होतो, साहेब."

"पाडव्यानंतर बसवला. अजून दसरा आलेला नाही. मग त्याच्यावर दोन दसऱ्यांचे रंग कुठून आले?"

त्याने पाणी मागितले. नंतर त्याच वर्कशॉपच्या फिटरने जबाब दिला. नवे रॉड आलेच नव्हते, पण वरून यादी पूर्ण करण्याचा तगादा होता, म्हणून खोटी जॉबकार्डे भरली. त्याने तोंड उघडताच मी फोनवरचा आवाज ओळखला.

दोषारोपपत्रातून चालकाचे नाव वगळले आणि व्यवस्थापकाचे घातले. शिक्षकांच्या घरच्यांना ते सांगायला मीच गेलो. त्यांच्या पत्नीने विचारले, "म्हणजे तो रॉड बदलला असता, तर हे घरी आले असते?" मी हो म्हणालो.

माणूस बोलला म्हणून मी त्याच्यावर संशय घेतला होता. शिक्का होता म्हणून कागदावर मात्र घेतला नव्हता. पहिल्याच दिवशी रॉडवरचा चिखल खरवडायला मला कोणी अडवले नव्हते.

चालक परवाना घ्यायला आला. हवालदाराने पावती पुढे केली, तर हा ती डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावत बसला.

"अरं, लायसन परत मिळाल्याची पावती हाय. त्यात वाचतोस काय?" हवालदार हसला.

"त्यो बी गाडी नीट झाल्याचाच कागद हुता की," तो म्हणाला.

मी हवालदाराला पावती मोठ्याने वाचून दाखवायला सांगितली. ती संपल्यावरच चालकाने सहीसाठी पेन हातात घेतले.